मागची सीट

वस्ताद हे काही त्याचं खरं नाव नव्हे. गॅरेजवर येणाऱ्या हौशी पोरांनी ते पाडलं आणि बघता बघता ते इतकं चिकटलं की बँकेतला कारकूनसुद्धा त्याला त्याच नावाने हाक मारू लागला. एकटी बायको तेवढी 'अहो' म्हणायची. त्या 'अहो'लाच तो सगळ्यात आधी वळून बघायचा.

धंदाही तसा जगावेगळाच. बाकीचे मेकॅनिक बिघडलेल्या गाड्या नीट करतात. वस्तादकडे लोक धडधाकट गाड्या घेऊन यायचे. त्यातही त्याला वेड एका जातीच्या गाड्यांचं. बाहेरून पाहावं तर चार दारांची, गरीब स्वभावाची, कचेरीत जाणाऱ्या माणसाला शोभेलशी सलून गाडी, आणि बॉनेट उघडावं तर आत भलंथोरलं टर्बो इंजिन. कंपनीने दिलेली ताकद मालकाला पुरायची नाही. पोट भरलं तरी डोळे भरत नाहीत, अशी माणसं जगात असतातच, आणि वस्तादचं घर त्यांच्यावरच चाललं होतं. तो लॅपटॉप जोडून इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं गणित बदलायचा, टर्बोचा दाब वाढवायचा, एक्झॉस्ट मोकळा करायचा, कडक स्प्रिंग घालून गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली बसवायचा. मग ती रोलरवर चढवून जागच्या जागी पळवायची आणि ताकद मोजायची. आकडा वाढला की मालक असा हरखायचा, जणू त्याने स्वतःच वजन उचललंय.

वस्तादचा स्वतःचा मात्र त्या आकड्यावर फारसा भरवसा नव्हता. त्याचा भरवसा बायकोवर.

कुठलीही नवी सुधारणा आधी त्याच्या स्वतःच्या गाडीत व्हायची. ती गाडी म्हणजे गॅरेजचा नमुना. गिऱ्हाइकाला तिच्यातून एक चक्कर मारून आणली की ते आपली किल्ली काढून टेबलावर ठेवायचं. पण त्याआधी सुट्टीच्या सकाळी बायकोला घेऊन शहराबाहेरच्या वळणांच्या रस्त्याने जाऊन यायचं, हा नेम. परत येऊन इंजिन बंद केलं की तो मान वळवून तिच्या तोंडाकडे बघायचा आणि विचारायचा, "कशी वाटली?" ती क्षणभर थांबायची आणि म्हणायची, "छान झालीये." त्या क्षणभर थांबण्याचं त्याला फार कौतुक. बाई विचार करून बोलते, उगाच तोंडदेखलं बोलत नाही, असं तो गॅरेजमधल्या भागीदाराला सांगायचा. मग गिऱ्हाइकांना छाती फुगवून म्हणायचा, "हे घरून पास झालंय."

आधी ती पुढे, त्याच्या शेजारी बसायची. पुढे त्याने शर्यतीच्या गाडीतल्या असतात तशा अरुंद, अंगाला कवटाळणाऱ्या सीटा बसवल्या, तेव्हा ती मागे जाऊन बसायला लागली. मागे पाय पसरता येतात, म्हणाली. वस्तादला यात काही वावगं दिसलं नाही. उलट गंमत वाटली. आता तुम्ही साहेब आणि मी ड्रायव्हर, असं तो आरशात बघून म्हणायचा आणि ती हसायची. माणूस हुशार असला म्हणून त्याला सगळंच दिसतं असं थोडंच आहे.

यंदा तिची पाठ एकदम धरली. ती शाळेत ग्रंथपाल होती. खालच्या फळीवरचं पुस्तक काढायला वाकली ती सरळच होईना. अँब्युलन्स बोलवावी लागली. मणक्याचं ऑपरेशन झालं, नीट झालं, आणि डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात घरी न्यायची परवानगी दिली. मागे रेलून बसवून न्या, फक्त धक्का लागता कामा नये, एवढंच त्यांनी बजावलं. वस्तादने घसा खाकरून विचारलं, हे गाडीमुळे तर झालं नसेल? डॉक्टरांनी त्याच्या गाडीची चौकशी केली, आणि म्हणाले, गाडीने झालेलं नाही. मग चष्मा पुसत पुढे म्हणाले, गाडीने बरं वाटलं असेल असंही नाही.

लेक बापाला सोडणारी नव्हती. तिने खाटेजवळच सांगून टाकलं की बाबांच्या त्या तोफखान्यातून आईला आणायचं नाही, अँब्युलन्सच बोलवायची. पण आईने डोळे मिटूनच मान हलवली. अँब्युलन्समधून येताना तिने रस्त्यातला एकेक खड्डा पाठीवर मोजला होता. पुन्हा त्या डब्यात पाऊल ठेवणार नाही, म्हणाली. भागीदाराची गाडी मऊ म्हणावी तर तिचे शॉकअप कधीचे मेलेले. जगाच्या गाड्या सुधारणाऱ्याची स्वतःची गाडी बेडकासारखी उड्या मारत चालते हे गॅरेजमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी तीच म्हणाली, "आपलीच आणा हो. तिची सवय आहे मला."

वस्ताद खूश झाला. बघितलंस का, या अर्थाने त्याने लेकीकडे पाहिलं. लेकीने नुसतं तोंड फिरवलं.

तरी काळजी म्हणून त्याने ठरवलं की हॉस्पिटल ते घर हा रस्ता आधी पाहून घ्यावा. भागीदाराला चालवायला बसवलं आणि बायको जशी बसणार तशी उशी पाठीशी घेऊन स्वतः मागे रेलला. भागीदार बोलायला महाकंजूष. त्याच्या तोंडून शब्द काढायला पाना लागायचा. तो मुकाट्याने गाडी चालवत राहिला.

इतक्या वर्षांत वस्ताद स्वतःच्या गाडीत मागे कधी बसलाच नव्हता. बसायचं कारणच काय? ट्यूनिंग सगळं पुढून होतं. स्टिअरिंग हातात, पेडल पायाखाली. पुढे बसणाऱ्याला धक्का बसण्याआधी रस्ता दिसतो, अंग आपोआप सावरतं. मागे काही कळत नव्हतं. कळायचं ते एकदम माकडहाडाला कळायचं. गाडी जराशी उचलली की मान मागे, पाय काढला की मान पुढे. आणि तो एक्झॉस्टचा आवाज, ज्याच्यासाठी त्याने तीन वेळा पाइप बदलला होता, जो पुढे बसून ऐकला की ऊर भरून यायचा, तो मागे डोक्याच्या आत घुमत होता. कोणीतरी रिकामं पिंप डोक्यावर उपडं घालून वाजवावं तसा. घर येईपर्यंत त्याच्या कपाळावर घाम आला होता, आणि त्याची पाठ तर धडधाकट होती.

मग गॅरेजवर येऊन तो पायरीवर बसला. भागीदाराने चहा आणला, तो निवून गेला तरी तसाच. बऱ्याच वेळाने भागीदार म्हणाला, "वहिनी तर छान म्हणायच्या."

वस्तादला लागलं ते हेच वाक्य. गाडी वाईट आहे याचं दुःख नव्हतं. वाईट गाडी नीट करता येते. पण जगात एका माणसाच्या शब्दावर त्याने डोळे मिटून विश्वास ठेवला होता, आणि त्या माणसाने त्याला कधी खरं सांगितलंच नव्हतं. संध्याकाळी त्याने लेकीला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, सगळ्यांना माहीत होतं. मग जरा नरमली. "तुम्ही इंजिन बंद करून तिच्याकडे ज्या तोंडाने बघायचात ना बाबा, तसं कोणी बघितलं तर मीसुद्धा खरं सांगितलं नसतं."

त्याला धड राग येईना, धड रडू येईना. ज्याला दुसरं काही येत नाही तो जे येतं तेच करतो. त्याने दुसऱ्या दिवशी गाडी लिफ्टवर चढवली.

माळ्यावर कंपनीच्या मूळ स्प्रिंगा फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या होत्या. त्या काढल्या. शॉकअप बदलले. सडपातळ टायर जाऊन फुगीर टायर आले. एक्झॉस्टला पुन्हा मोठा सायलेन्सर बसला. पुढची एक शर्यतीची सीट काढून साधी बसवली. आधी त्याला वाटलं होतं की केलेलं सगळं उलटं फिरवलं की झालं. पण नुसत्या मऊपणाने भागेना. पहिल्या चकरेला गाडी होडीसारखी डुलायला लागली आणि मागे पडून वस्तादला मळमळलं. मग पुन्हा उघडा, पुन्हा जोडा. दर वेळी भागीदार चालवायचा आणि वस्ताद उशी घेऊन मागे. इंजिनची ताकद त्याने कमी केली नाही, ते त्याच्या जिवावर आलं; फक्त पेडलचं गणित असं बदललं की पाय थोडा दाबला तर गाडी आळस देत उठेल. त्या आठवड्यात एक गिऱ्हाईक नमुन्याची चक्कर मारायला आलं. उतरल्यावर त्याने हळूच भागीदाराला विचारलं, वस्तादांची तब्येत बरी आहे ना?

घरी न्यायच्या दिवशी तो तिला चाकाच्या खुर्चीतून खाली घेऊन आला. लेक घर उघडून अंथरूण घालायला पुढे गेली होती. नर्सने आणि त्याने मिळून तिला मागच्या सीटवर अलगद रेलवलं, पाठीशी उशी, गुडघ्यांखाली दुसरी. नर्स गेली. तो पुढे जाऊन बसला, पण किल्ली फिरवेना.

"एक बोलायचंय," तो आरशात न बघता म्हणाला. "आज जे वाटेल ते खरं सांगायचं."

"म्हणजे? एरवी काय खोटं सांगते मी?"

"मी मागे बसून आलोय."

तिने उशीचं टोक उगाच नीट केलं. सारवासारव केली नाही. मग त्याने गाडी सुरू केली, आणि ती इतक्या हळू आवाजात सुरू झाली की फाटकावरच्या वॉचमनने दोनदा वळून पाहिलं.

हॉस्पिटलचा उतार, मोठा चौक, मग नवा डांबरी रस्ता. वस्तादच्या मागे सायकलवालेसुद्धा घंटी वाजवायला लागले. ज्याने जन्मात कोणाला पुढे जाऊ दिलं नाही तो डाव्या कडेने, रस्ता सगळ्यांच्या बापाचा असल्यासारखा सोडून चालला होता. पुलाच्या तोंडाशी एक जोड आहे. तिथे चाक किंचित आपटलं. त्याने विचारलं, "कशी आहे?"

ती क्षणभर थांबली. "छान आहे," म्हणाली.

त्याने गाडी कडेला घेतली, चारी दिवे लुकलुकते ठेवले आणि इंजिन बंद केलं. या खेपेला मान वळवून तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. समोर काचेकडे बघत राहिला आणि वाट बघत राहिला. मागून ट्रक गेले, गाड्या गेल्या, एक जण शिवी देऊन गेला.

"दुखलं," ती म्हणाली. "त्या जोडावर दुखलं. मागचं डावं चाक कडक आहे. उजवं ठीक आहे."

वस्ताद उतरला, मागे गेला, डाव्या टायरवर हात ठेवला, हवा मोजली. बाईचं बरोबर होतं. सकाळी घाईत त्या एका चाकात हवा जास्त भरली गेली होती. त्याने ती सोडली, परत येऊन बसला आणि निघाला. पुढचा खड्डा आला. "आता?" "आता नाही दुखलं."

आणि मग बांध फुटला. तिने एकेक सांगायला घेतलं. पहिल्या कडक स्प्रिंगा घातल्या तेव्हा मान आठवडाभर आखडली होती. दुसऱ्या एक्झॉस्टने डोकं उठायचं. तिसरा बरा होता, पण चढावर घुमायचा. त्या शर्यतीच्या सीटमधून उतरताना साडी अडकून ती एकदा त्याच्या मित्रांसमोर पडता पडता वाचली होती. टर्बो बदलल्यावर गाडी आधी गप्प राहून मग एकदम लाथ मारायची, ते तिला कधीच आवडलं नव्हतं. वस्ताद ऐकत होता आणि मनातल्या मनात थक्क होत होता. ती लाथ त्याला स्वतःला कळायला दोन महिने लागले होते. इतकी वर्षं जगातली सगळ्यात बारीक जाण असलेली बाई त्याच्या मागच्या सीटवर बसली होती, आणि तिला एकच शब्द बोलायची मुभा होती.

घर आलं. लेक धावत आली आणि दाराच्या कडीला हात घातला. त्याने आतून खूण करून तिला थांबवलं, कारण आईचं अजून संपलं नव्हतं.

"आणि हे बघा," ती म्हणाली. आता दमली होती, शब्द सुटे सुटे येत होते. "सगळंच काही वाईट नाही. ब्रेक मात्र फार चांगले बसवलेत तुम्ही. पहिल्या दिवसापासून. तुमच्या ब्रेकच्या भरवशावर तर बसायचे मी."

वस्तादने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. त्याचे खांदे हलायला लागले तशी लेक घाबरली. तिने दार उघडून आधी आईकडे पाहिलं, आई ठीक होती; मग बापाकडे वळून विचारलं, "बाबा, काय झालं? रडताय कशाला?"

"काही नाही गं," तो बाहीने तोंड पुसत म्हणाला. "ब्रेक चांगले आहेत म्हणाली."