पहिल्या पेटीचा होकार

सिद्धेश्वरीअक्का चिडली की तिचं अक्षर सुधारायचं. एरवी ती कोंबडीचे पाय काढायची. पण आमच्या कंपनीत भिंतीवरच्या फळ्यावर पाच आडव्या थरांची एक आकृती होती, ती इतकी सुबक की नवीन माणूस विचारायचा, छापून आणलीय का. ती अक्कानं संतापाच्या भरात एका दुपारी काढली होती. मी तिथंच बसले होते.

मी श्रीदेवी. आयटीआय करून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत या कंपनीत लागले. बोर्डाला सोल्डरिंगचे टाके मारायचे आणि तयार बोर्डात प्रोग्रॅम भरायचा, हे माझं काम. डाळिंबाच्या बागेतले पाण्याचे वॉल्व्ह मोबाइलवरून उघडता-बंद करता यावेत म्हणून आम्ही पेट्या बनवायचो. प्रत्येक वॉल्व्हला एक पेटी. बाग लांबलचक, त्यामुळे पहिली पेटी रेडिओवरून दुसरीला निरोप देते, दुसरी तिसरीला, असं करत तो शेवटच्या वॉल्व्हपर्यंत जातो. या पेट्यांनी एकमेकींशी कसं बोलायचं, ते अक्का लिहायची.

अक्का शुक्रवार पेठेतली. वडलांचं बियाण्यांचं दुकान होतं. ती इंजिनिअर झाली, पुण्यात नऊ वर्षं विजेच्या मीटरचे प्रोग्रॅम लिहिले, आणि वडील गेल्यावर आईसाठी, गुरम्मासाठी, परत आली. पुण्यातलं काही विचारलं तर एवढंच सांगायची, "नऊ वर्षं दुसऱ्यांनी घाईत केलेली घाण काढली. आता एकदा तरी पहिल्यापासून नीट करायचंय."

आमच्याकडं आली तेव्हा इथंही तीच घाण होती. रेडिओ, घड्याळ, वॉल्व्ह, सगळं एकाच प्रोग्रॅममध्ये कालवलेलं. वॉल्व्हचं काही बदललं की रेडिओ मुका व्हायचा. पेटीतली चिप इवलीशी, तिच्यात मोबाइलमधला एक फोटोसुद्धा मावणार नाही, आणि एका सेलवर तिनं दोन वर्षं काढायची. एवढ्याशा जागेत थरबिर कसले पाडायचे, असं सगळ्यांचं म्हणणं. ते ऐकूनच अक्का फळ्याकडं गेली होती.

सगळ्यात खाली रेडिओ. त्याच्यावर शेजारच्या पेटीशी बोलणारा थर. त्याच्यावर वाट शोधणारा, म्हणजे कुठल्या पेटीवरून कुठं जायचं ते ठरवणारा. चौथा पोच घेणारा: ज्याला निरोप धाडला, खुद्द त्यानंच उत्तर दिलं की नाही हे बघणारा. आणि सगळ्यात वर वॉल्व्ह. नियम एकच. प्रत्येक थरानं फक्त आपल्या लगतच्या थराशी बोलायचं. वॉल्व्हनं परस्पर रेडिओला हात लावायचा नाही.

"जागा कमी आहे म्हणूनच शिस्त पाहिजे," ती म्हणाली. "मोठ्या घरात पसारा खपतो."

वर्षभरानं आमची रेडिओची चिप बाजारात मिळेनाशी झाली. दुसऱ्या कंपन्यांनी सगळं नव्यानं लिहायला घेतलं म्हणे. अक्कानं फक्त खालचा थर बदलला. बाराव्या दिवशी पेट्या पहिल्यासारख्या बोलायला लागल्या. वरच्या चार थरांना पत्तासुद्धा लागला नाही. त्या दिवशी तिनं सगळ्यांना कडक चहा पाजला.

मग शेतीप्रदर्शन आलं. मोबाइलवर बटण दाबल्यापासून पडद्यावर हिरवी खूण यायला नऊ सेकंद लागत. झोपलेल्या पेट्या जाग्या होणार, निरोप जाणार, शेवटच्या पेटीचं उत्तर परत येणार, मग हिरवं. आमचे मालक शिवयोगीसर म्हणाले, "नऊ सेकंदांत माणूस पुढच्या स्टॉलवर जातो. दाबलं की दिसलं पाहिजे."

अक्का तेव्हा रजेवर होती, गुरम्माच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. तिच्या हाताखालच्या प्रभुनं दोन दिवसांत काम केलं. वॉल्व्हच्या थरातून त्यानं थेट रेडिओपर्यंत भोक पाडलं. पहिल्या पेटीच्या रेडिओनं "मिळालं" म्हटलं, की पडद्यावर "वॉल्व्ह बंद" असं हिरवं. एका सेकंदात. प्रदर्शनाच्या टेबलावर वॉल्व्हची पेटी एकच होती, त्यामुळं ते खरंही ठरत होतं.

अक्का परत आली. तिनं बटण दाबून बघितलं. मग सहा पेट्यांची रांग लावली, शेवटच्या पेटीचा सेल काढून हातात घेतला आणि पुन्हा दाबलं. हिरवं.

"मेलेली पेटी होय म्हणतीय," ती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "प्रभु, हे कुणी केलं?"

"प्रदर्शनापुरतं आहे, मॅडम."

ती सरांच्या केबिनमध्ये गेली. सरांनीही तेच सांगितलं, प्रदर्शनापुरतं. तिनं शब्दावर विश्वास ठेवला. यासाठी ती पुढं स्वतःवर जितकी चिडली तितकी कुणावरच नाही.

प्रदर्शनात मागणी आली, माल घाईनं जायला लागला. प्रभु मला म्हणाला, "प्रदर्शनाचीच फाइल टाक, लोकांना तीच आवडलीय." मी टाकली. शेजारच्या टेबलावर अक्का बसलेली होती, आणि मी तिला विचारलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी आमच्या पेट्या लावलेल्या सांगोल्याच्या केराबाईंचा फोन आला. फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "कुणीतरी या आन् डोळ्यानं बगा." अक्कानं मला बरोबर घेतलं.

केराबाई पन्नाशीच्या. मेंढरं राखून त्यांनी डाळिंब उभं केलेलं. शेततळं वरच्या अंगाला, तिथून उतारानं पाणी बागेत येतं. त्या आम्हाला खालच्या पट्ट्यात घेऊन गेल्या. झाडाखाली चिखल. फळं झाडावरच उभी तडकलेली, लाल दाणे उघडे पडलेले, त्यावर गांधीलमाशा. गळालेली फळं मेंढरं खात होती.

"बुधवारी सकाळी बंद केलं," केराबाईंनी मोबाइल पुढं केला. "हे बगा, हिरवं. मग मी भावाकडं गेले. शुक्रवारी येतीया तर तळं निम्मं, आन् हितं चिखल. फळ तोडायला पंधरा दिस ऱ्हायले हुते. ह्या टायमाला पाणी लई झालं की फळ फुटतंय, हे बारक्या पोरालाबी म्हाईत हाय."

अक्कानं त्या पट्ट्याची पेटी उघडली, लॅपटॉप जोडला आणि पेटीच्या आतली नोंद वाचली. "उघड" असा निरोप आलेला होता. "बंद कर" असा निरोप त्या पेटीपर्यंत आलेलाच नव्हता. मग तिनं वाटेतल्या पेट्यांच्या नोंदी बघितल्या; तो दुसऱ्या पेटीपाशीच मेला होता. पहिलीनं मात्र "मिळालं" म्हटलं होतं.

अक्का चिखलात उकिडवी बसली होती, तिनं लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "मावशी, तुमची चूक नाही. आमची आहे." आणि तिनं सगळं सांगितलं, पहिल्या पेटीचं, हिरव्याचं, भोकाचं.

केराबाईंनी ऐकून घेतलं. "म्हंजी वेशीवरल्या माणसाला निरोप दिला, आन् घरी पोचला म्हणून मोकळं झाला. असंच की?"

"असंच."

"मग तितं शिकल्याली माणसं कशाला बसवल्यात?"

अक्का पेटीचे स्क्रू आवळायला लागली.

"मला दुसरं कायबी नको," केराबाई म्हणाल्या. "चूक कुणाची ते लिवून द्या. माजा दीर गावभर सांगतोय, बाईला मोबाइल कळत न्हाय, चुकीचं बटण दाबलं. तीस वर्सं बाग करतीया मी."

ऑफिसात पोचल्यावर अक्का तडक सरांच्या केबिनमध्ये गेली, आणि मलाही आत ये म्हणाली.

सरांनी केराबाईंना द्यायच्या उत्तराचा मजकूर आधीच तयार ठेवला होता: ग्राहकानं वापर योग्य रीतीनं न केल्यामुळं नुकसान झालं. अक्कानं तो वाचून टेबलावर पालथा घातला.

"शेवटी नेटवर्कच वीक होतं ना, मॅडम," आत बसलेला प्रभु म्हणाला.

"नेटवर्क वीक असणारच. बाग आहे ती, पानं येतात, पाऊस येतो. निरोप मरणार हे धरूनच चौथा थर लिहिला होता मी. तू त्याला बाजूला केलंस आणि बाईला खोटं दाखवलंस."

सर कुणाची समजूत घालायची झाली की कानडीवर यायचे. "अक्का, सिट्टु माडब्याडा," ते मऊ आवाजात म्हणाले. "रागानं काय होणार? एका बागेत झालं. पुढच्या मालात सुधारू."

"एका बागेत?" अक्का माझ्याकडं वळली. "श्रीदेवी, ती फाइल किती पेट्यांत गेलीय?"

केबिनमध्ये मी कधी तोंड उघडलं नव्हतं. प्रभु माझ्याकडं बघत होता. सरही.

"एकशे बारा," मी म्हटलं. "चौदा बागा. मीच भरलीय."

सरांचा आवाज बदलला. कंपनीच्या कागदावर असलं काही जाणार नाही, म्हणाले.

"मग माझ्या कागदावर जाईल."

तिनं साध्या कोऱ्या कागदावर लिहिलं, काय झालं, का झालं, आणि त्यात केराबाईंची काही चूक नाही. खाली सही केली. मग स्वतःच्या फोनवरून चौदाही बागांना फोन लावले: हिरव्यावर विसंबू नका, वॉल्व्हपाशी जाऊन बघा. सर काचेतून बघत होते. शेवटचा फोन संपल्यावर ते बाहेर आले आणि म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. लॅपटॉप इथंच ठेव. कोड कंपनीचा आहे.

दोन वर्षांचं काम होतं ते. तिनं लॅपटॉप ठेवला, डबा उचलला आणि गेली.

पुढच्या दोन महिन्यांत नऊ बागांनी पेट्या परत धाडल्या. मग सरांनी प्रभुला ते भोक बुजवायला लावलं. नऊ सेकंद परत आले, आणि कुणाचीही तक्रार आली नाही. सरांनी माझ्याकडून अक्काला निरोप धाडला, झालं गेलं विसर, परत ये. अक्का म्हणाली, "केराबाईंना कंपनीच्या कागदावर लिहून द्या, मग येते." सरांनी दिलं नाही. जूनमध्ये मीही सोडलं.

आता आम्ही शुक्रवार पेठेत अक्काच्या बाहेरच्या खोलीत काम करतो. टाक्यांच्या धुरामुळं गुरम्मा दिवसातून तीनदा करवादते. अक्कानं सगळं नव्यानं लिहिलंय. जुन्यातली एक ओळ घेता येत नाही, म्हणून चिडून लिहिलंय. जेवतानाही धुसफुसायची, की हाच थर मी एकदा लिहिलाय, आणि तो त्या माणसाच्या कपाटात पडलाय. थर पुन्हा पाचच. पण सगळ्यात वरच्या थराला आता तीन उत्तरं आहेत: उघडा, बंद, आणि माहीत नाही.

केराबाईंनी परत पेट्या लावून घ्यायला आठ महिने घेतले. तोवर त्या पायीच फिरून वॉल्व्ह फिरवत होत्या. अक्काचा कागद त्यांनी दिराला सगळ्या भावकीसमोर वाचायला लावला होता, दोनदा. ऑक्टोबरमध्ये त्या म्हणाल्या, "चारच लावा. बगू."

आम्ही चार लावल्या. केराबाईंनी चौथा वॉल्व्ह बंद करायला बटण दाबलं. अकरा सेकंद गेले. पडद्यावर पिवळं आलं: माहीत नाही.

केराबाई चालत गेल्या, वॉल्व्ह उघडाच होता, त्यांनी तो हातानं फिरवला आणि परत आल्या.

"हे बरं हाय," त्या म्हणाल्या. "म्हाईत न्हाय तर म्हाईत न्हाय म्हंतंय."

अक्काला त्याचं काही कौतुक नव्हतं. निरोप पोचायला पाहिजे होता. तिनं तिसरी पेटी उघडली होती, अँटेनाची तार चिमटीत धरून हलवली, तर तार हातात आली. टाका कच्चा होता. माझा टाका.

"हे काय आहे, श्रीदेवी?" ती म्हणाली. मग पुढं बरंच बोलली, केराबाईंसमोरच, आवाज न चढवता, एकेक शब्द तोलून. मी ऐकून घेतलं. मग पिशवीतून सेलवर चालणारं सोल्डरिंगचं पेन काढलं, ते तापेपर्यंत उकिडवी बसून राहिले, आणि टाका परत मारला.