दोन इंच माया

इंचमावशीनं शिवणकाम सोडलं तेव्हा दुकानात सगळ्यांनी तिच्या डोळ्यांना दोष दिला. वय झालं, सुईत दोरा ओवता येत नसेल, असं कॅशवरची म्हणाली आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मावशीचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. अजूनही रस्त्यानं एखादी बाई समोरून आली की मावशी पुटपुटते, "अडतीस." खरोखर टेप लावला तर अर्ध्या इंचाचा फरक निघणार नाही. म्हणून तर तिला इंचमावशी म्हणतात.

आमचं दुकान बायकांच्या तयार कपड्यांचं. काचेच्या दारात दोन पुतळ्या उभ्या आहेत, दोघींनाही पोट नावाची गोष्ट दिलेली नाही. मी पंधरा वर्षं ट्रायल रूमच्या तोंडाशी उभी आहे, हातात हँगर आणि चेहऱ्यावर कौतुक घेऊन. घरी चांगली ठणठणीत असलेली बाई त्या आरशासमोर गेली की तिचं काय होतं ते मी रोज बघते. झिप अडकते, मग आतून आवाज येत नाही, आणि मग दार एवढंसं उघडून एक हात बाहेर येतो, कपडा परत करायला. तो हात बघून मला अजूनही राग येतो. त्या बाईचा नाही, कपड्याचा.

ट्रायल रूमच्या मागे मावशीची खोली. खोली कसली, बोळ. एक मशीन, एक इस्त्री, उसवलेल्या दोऱ्यांचा कायमचा ढीग आणि खिडकीबाहेर समोरच्या इमारतीचे पाइप. लांबी कमी करायची, बाही आवळायची, कंबर सैल करायची, असलं काम. मला ती काडी म्हणायची. "काडे, तुझ्या अंगावर कपडा नाही, हँगरवर कपडा दिसतो," असं म्हणून माझी प्रत्येक पॅन्ट तिनंच आवळून दिली. बारीक असण्याचंही लोकांना सुख नसतं, हे मला तिच्यासमोरच बोलता यायचं.

आता आमच्या दुकानातली एक गोष्ट सांगते, जी गिऱ्हाइकांना माहीत नाही. मानेच्या आत मापाचं जे बारीकसं लेबल असतं त्याला आम्ही चिठ्ठी म्हणतो. एखादीला डबल एक्सेल नीट बसतं, पण चिठ्ठी वाचून तिचं तोंड उतरतं. अशा वेळी मी म्हणायची, "थांबा ताई, आत एक लार्जमधला पीस आहे." तोच कपडा घेऊन मावशीकडे. मावशी ब्लेडनं चार टाके उसवायची, लार्जची चिठ्ठी लावायची, इस्त्री फिरवायची. सात मिनिटं. बाई तोच कपडा पुन्हा घालायची आणि खुलायची. "बघा, मी म्हणत होते ना मी लार्जच आहे!" याला आमच्यात चिठ्ठी फिरवणं म्हणतात. मालकांना ठाऊक होतं. विक्री होते म्हटल्यावर त्यांनी कानाडोळा केला.

ही युक्ती मावशीचीच. तिनं ती पहिल्यांदा दुकानासाठी केली नव्हती, बहिणीसाठी केली होती.

बहीण अकरा वर्षांनी धाकटी. आई लवकर गेली, तेव्हा मावशीनंच तिला वाढवलं आणि स्वतःचं लग्न राहून गेलं. धाकटी लहानपणापासून गुटगुटीत. वडील लाडानं ढब्बू म्हणायचे. लाडाचं नाव होतं खरं, पण ते शाळेत गेलं, शेजारी गेलं, आणि पोरगी सोळा वर्षांची झाली तेव्हा त्यात लाड काही उरला नव्हता. लग्न ठरलं तेव्हा कपडे घ्यायला मावशी तिला इथंच, आपल्या कामाच्या दुकानात घेऊन आली. धाकटी ट्रायल रूममध्ये गेली ती बाहेरच येईना. मावशी दाराशी वाकून बघते तर ही नवा कपडा पायाशी टाकून खाली बसलेली, डोळ्यांना धार. मावशीनं तो कपडा उचलला, मागे आपल्या मशीनवर नेला, आणि पहिली चिठ्ठी फिरवली.

त्यानंतर अठरा वर्षं धाकटीचा प्रत्येक कपडा मावशीच्या हातून गेला आणि प्रत्येकावर लार्ज लिहिलेलं होतं. कपडे कुठलेही असोत, कंबर कितीही वाढो. मावशी आतून शिवण मोकळी करायची. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात. तयार कपड्यात माया नसतेच जवळजवळ, कारखानेवाले चिकट. पण बहिणीच्या कपड्याला मावशी कुठून कुठून जुळतं कापड शोधून दोन्ही बाजूंना दोन दोन इंच माया जोडायची. धाकटी एका शाळेच्या ऑफिसात कामाला होती. तिथं ती बायकांना ऐटीत सांगायची, "लग्नाला अठरा वर्षं झाली, माझं माप बदललं नाही. लार्ज म्हणजे लार्ज." वजनकाट्यावर ती कधी चढली नाही. डॉक्टरकडेही जायची नाही, कारण गुडघा दुखो की घसा, उत्तर एकच मिळायचं: वजन कमी करा. तिच्याजवळ स्वतःविषयी बोलायला चांगली अशी एकच गोष्ट होती, आणि ती मावशीनं शिवलेली होती.

मग एका वर्षी ती बारीक व्हायला लागली.

संध्याकाळचं चालणं तिनं त्याच सुमारास सुरू केलं होतं, त्यामुळे कुणालाच वेगळं वाटलं नाही. जो तो म्हणे, वा, काय मनावर घेतलंस! दुकानात आली तेव्हा मीसुद्धा म्हणाले, "मॅडम, आम्हाला पण सांगा काय खाता ते." ती लाजली. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिच्या अंगाकडे बघून चांगलं बोलत होतं. "खातेय कुठे गं," ती म्हणाली, "दोन घास खाल्ले की पोट भरतं." आम्ही सगळ्या हसलो. कॅशवरची म्हणाली, नशीब लागतं असं पोट मिळायला.

कपडे सैल पडले की धाकटी ते बहिणीकडे आणून टाकायची. धुऊन धुऊन कापड ताणलं, असं तिचं म्हणणं. मावशी आवळून द्यायची. एकदा मी त्यातला एक ड्रेस इस्त्री करायला घेतला तर बाजूची शिवण जाड लागली. उलटा करून बघितलं. आत घडीवर घडी, बोटभर जाडीचं कापड.

"मावशी, हे कापत का नाही?"

"राहू दे. परत भरेल ती."

"कितीचं आवळलंय?"

मावशी मशीनवरच वाकलेली राहिली. "बेचाळीसची चौतीस झाली. पाच महिन्यांत." मग दोरा दातानं तोडून, "काडे, चालून चालून आठ इंच जातात का गं?"

मी ती जाड शिवण पुन्हा चिमटीत धरून पाहिली. पण मी म्हणाले, "जात असतील." हे माझं वाक्य आहे आणि ते मी कुणावर ढकलत नाही.

तरी मावशीनं तिला मनवून डॉक्टरकडे नेलं. दुसऱ्या दिवशी बोळात बसून तिनं मला सगळं जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टरांनी धाकटीला काट्यावर उभं केलं. आकडा आला तो काही कमी नव्हता, ती अजूनही चांगली भरलेली होती. आधी किती होतं, असं त्यांनी विचारलं. धाकटी म्हणाली, माहीत नाही. मग वजन कमी झालंय असं वाटतं का? धाकटी ताठ बसली आणि म्हणाली, "थोडंफार झालं असेल, चालते ना मी. पण फार नाही, डॉक्टर. माझं माप अठरा वर्षं तेच आहे. लार्ज. आजही लार्जच घातलाय बघा."

आणि तो खरंच लार्ज होता. तोवर तिची कंबर चिठ्ठीपर्यंत उतरली होती.

डॉक्टर म्हणाले, मग काळजीचं काही नाही, पित्त आहे. आणखी थोडं वजन उतरलं तर बरंच वाटेल. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. मावशी शेजारच्या खुर्चीत बसली होती. बेचाळीस हा आकडा तिच्या जिभेवर होता. तो आकडा त्या खोलीत फक्त तिलाच माहीत होता.

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"कसं बोलू? इतकी ऐटीत बोलली गं ती. त्या परक्या माणसासमोर तिला खोटं पाडू?"

मी म्हणाले, "जाऊ द्या मावशी, डॉक्टरांना कळत असणारच." हेही माझंच वाक्य.

अडीच महिन्यांनी धाकटी ऑफिसच्या जिन्यात कोसळली. मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. जठरात गाठ होती आणि ती आता जठरापुरती राहिली नव्हती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं की दोन-तीन महिने आधी आला असतात तर निदान काही करून बघता आलं असतं. इतकं वजन उतरताना तुमच्या कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?

नवरा माणूस वाईट नव्हता. पण दुःख झालं की काही माणसं रडतात आणि काही हिशेब मागतात, तो दुसऱ्यातला. पलंगाशी बसून तो रोज तेच विचारायचा. तू पहिल्या डॉक्टरांना नीट का सांगितलं नाहीस? स्वतःचं अंग स्वतःला कळू नये? आणि धाकटी रोज म्हणायची, "चुकलं माझं." हे ऐकून मावशी दुकानात परत यायची आणि सुलटीऐवजी उलटी बाही लावायची. जिच्या शिलाईत पंधरा वर्षांत एक वाकडा टाका मी पाहिला नव्हता, ती.

एका दुपारी तिनं मशीनवर झाकण घातलं. "मी सांगणार आहे तिला."

"आता सांगून काय होणार, मावशी? उगाच तिला त्रास."

"ती रोज चुकलं म्हणतेय, काडे. चूक माझी आणि घेऊन ती चाललीय." तिनं पदरानं नाही, हातातल्या अस्तराच्या तुकड्यानं डोळे पुसले. "तू चल. मला एकटीला नाही जमणार. नुसती दाराशी उभी राहा."

मी दाराशी उभी राहिले. वॉर्डात दुपारची सामसूम होती. धाकटी उशांना टेकून बसली होती. हॉस्पिटलचा गाऊन तिला दोनदा गुंडाळला असता इतका मोठा होता. मावशी पलंगाच्या कडेला बसली आणि तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं. लग्नाच्या खरेदीचा दिवस, पहिली चिठ्ठी, जोडलेलं कापड, अठरा वर्षं. शेवटी म्हणाली, "तू लार्ज कधीच नव्हतीस गं. तुझी कंबर बेचाळीस होती, ती चौतीस झाली."

धाकटी बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. "बेचाळीस? अगं ताई, आणि मी अख्ख्या ऑफिसात लार्ज लार्ज करत मिरवत होते!" हसता हसता तिला ठसका लागला. मावशीनं पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, निभावलं.

पाणी पिऊन झाल्यावर धाकटीनं पेला हातातच ठेवला.

"त्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा तुला माहीत होतं? आठ इंच गेलेत ते?"

"हो."

"शेजारी बसली होतीस तू."

"तुला वाईट वाटलं असतं गं."

"वाटलं असतं," धाकटी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "रडले असते. चार दिवस तुझ्याशी बोलले नसते. मग बोलले असते, ताई. पुढची कितीतरी वर्षं बोलले असते."

मी दाराची चौकट धरून ठेवली.

"मला वाटायचं, सगळ्यांना माझी लाज वाटते, एक तू सोडून," धाकटी म्हणाली. मग तिनं पेला टेबलावर ठेवला. "हे बाहेर बाकावर बसलेत. त्यांना सांग. मला जे सांगितलंस तेच, तसंच. रोज मला विचारतात, मला आता उत्तर द्यायला त्राण नाही."

मावशी उठली. माझ्या समोरून गेली, पण तिनं माझ्याकडे बघितलं नाही. बाकाजवळ ती उभी राहिली आणि तिनं धाकटीच्या नवऱ्याला सगळं सांगितलं. आकड्यांसकट. सांगून झालं तसा तो उठला, आत गेला, पलंगाशी गुडघे टेकून बसला आणि बायकोच्या पोटावर डोकं ठेवून मोठ्यानं रडला. कितीतरी दिवसांत तो पहिल्यांदा रडत होता. धाकटी त्याच्या केसांतून बोटं फिरवत होती आणि तिचा चेहरा मोकळा झाला होता. मावशी उंबऱ्यापर्यंत आली. धाकटीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ताई, दार ओढून घे."

मावशीनं दार ओढून घेतलं. त्यानंतर धाकटी एकोणीस दिवस होती. मावशी रोज कामावरून सुटली की तिथं जायची आणि त्या बाहेरच्या बाकावर बसायची.