पुढे सरकलेली फीत

तोमिएला वाचायला काहीही चालतं. जपानमधल्या मात्सुएच्या सरोवरातल्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, निवडण्यात तिचा जन्म गेला. ते काम सुटलं आणि ही बाई दुष्काळातून आल्यासारखी पुस्तकांवर तुटून पडली. पुलाजवळच्या दुकानातून ती दर आठवड्याला एक पुस्तक आणते. दुकान चालवणारी हिसायो प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पुस्तकाला घालते तसंच तपकिरी कागदाचं कव्हर हिच्याही पुस्तकाला घालते. त्यामुळे घरातली प्रेमकथा कुठली आणि शेवाळावरचं शास्त्रीय पुस्तक कुठलं, हे उघडून पाहिल्याशिवाय कळायची सोय नाही.

शेवाळाचं पुस्तक तिला भारी आवडलं. "एवढी पानं झाली तरी शेवाळ जागचं हललं नाही, पण मलाही उठवेना," असं तिने हिसायोला सांगितलं. प्रेमकथेतल्या नायिकेवर मात्र ती चिडली. "वीस वर्षं खिडकीत बसून त्याची वाट बघते. मग भांडी कोण घासत होतं त्या घरात?" एका स्वयंपाकिणीने लिहिलेले लेख वाचून तिने त्यातला मुळ्याचा रस्सा करून पाहिला. बाई लिहिते झकास, पण मिठाच्या बाबतीत तिचं ऐकू नये, असा निकाल तिने दिला.

नवरा इवाओ. आयुष्यभर तिसऱ्या काढल्या, आता होडी मुलाच्या हवाली करून खाली शेगडी असलेल्या मेजाच्या रजईत पाय घालून टीव्हीसमोर बसतो. लग्न झाल्यापासून त्याचा एकच टोमणा, "कागद चावून पोट भरतं का गं?" तोमिए पान उलटते. दुपारी तीन वाजले की वाचतं पुस्तक मेजावर ठेवून ती हिसायोकडे जाते. मात्सुएचा माणूस एक वेळ जेवण चुकवेल, पण तीनचा हिरवा चहा आणि त्यासोबतचा गोड घास चुकवणार नाही.

घोळ सुरू झाला तो जानेवारीच्या अखेरीस. तेव्हा ती एका सामुराई घराण्याची कादंबरी वाचत होती. विधवा आई नवऱ्याची तलवार विकायला निघते, तिथे तिने आदल्या रात्री पुस्तकाची खुणेची फीत घातली होती. दुसऱ्या दिवशी फितीपाशी उघडलं, तर तलवार विकून झालेली, मुलाचं लग्नही लागलेलं आणि नवी सून रुसून बसलेली. तोमिएला यातलं काही म्हणजे काही आठवेना. तिने पानं मागे उलटली. मधला सगळा मजकूर कोरा करकरीत, जन्मात कधी न वाचलेला.

तिला आई आठवली. तिची आई शेवटी शेवटी एकाच पुस्तकाचं पहिलं पान रोज वाचायची आणि रोज म्हणायची, "बरं आहे हे पुस्तक, आजच सुरू केलंय." तोमिए तेव्हा तिला खोटं हसून "हो का?" म्हणायची. त्या हसण्याची तिला आता भीती वाटली.

एकदा होतं असं, म्हणून तिने मनाची समजूत घातली. पुढचं पुस्तक खुनाचं आणलं. गरम झऱ्याकाठची सराय, बर्फात रस्ते बंद आणि पहिल्याच प्रकरणात एक कापडव्यापारी मरून पडलेला. तिथे तिने फीत घातली, पुन्हा पुन्हा बघून घेतली. दुसऱ्या संध्याकाळी फीत तिसऱ्या मुडद्यापाशी होती. मधला दुसरा कधी मेला, हे तिच्या गावीही नव्हतं.

तिसऱ्या निवडताना त्या एकमेकींवर आपटून बघायच्या. जिवंत असेल ती खणखणीत वाजते, मेलेली बद्द वाजते. तोमिए आता दिवसभर स्वतःलाच वाजवून बघू लागली. शेजारणीचं नाव काय, काल आमटीत काय घातलं, नातवाची शाळा कुठली. सगळं खणखणीत. फक्त पुस्तक उघडलं की बद्द.

तिने वाचणंच सोडलं. खुनाचं पुस्तक अर्धवट मेजावर पडून राहिलं.

"काय तोमिएसान, दुकान बदललंत की काय?" हिसायोने चहा घुसळता घुसळता विचारलं.

"डोळे दुखतात गं," तोमिए म्हणाली आणि मैत्रिणीशी खोटं बोलल्याचं तिला फार लागलं.

घरी इवाओनेही विचारलं, "नवं पुस्तक नाही आणलंस?"

"तुम्हांला काय करायचंय?"

"मला काय करायचंय? आपलं विचारलं."

तिने गुपचूप मोठ्या दवाखान्यात फोन करून स्मरणशक्तीच्या डॉक्टरांची वेळ घेतली. त्या दिवशी सकाळी तिने तिसऱ्यांचं सार वाढलं, भात वाढला आणि समोर बसली.

"आज मी डॉक्टरकडे जातेय. आईचं झालं होतं तसं मला होतंय."

इवाओचा साराचा वाडगा तोंडापाशीच थांबला. "कोण म्हणतं?"

"मीच म्हणते. वाचलेलं आठवत नाही. फीत पुढे असते आणि मी मागे असते. तो सरायीतला खून कोणी केला, ते काही मला आता या जन्मी कळायचं नाही."

इवाओने वाडगा खाली ठेवला. त्याची मान, कान, सगळं लाल झालं.

"माळ्याने," तो म्हणाला.

"काय माळ्याने?"

"खून. तो म्हातारा नाही का, बागेतला बर्फ झाडतो तो. तिन्ही त्यानेच केले."

"तुम्हांला कसं ठाऊक?"

"वाचलं."

"कधी?"

"तू चहाला गेलीस की. सुमोच्या कुस्त्या संपल्या, मग दुपारी माणसाने करायचं काय? त्या तलवारवाल्या बाईपासून लागला नाद."

"आणि फीत?"

"ती घालूनच पुस्तक मिटायचं असतं ना? मला काय ठाऊक ती तुझी आहे. मला वाटलं पुस्तकाची आहे."

तोमिएने चेहरा ओंजळीत झाकला. ती रडत होती, पण इतका हलका जीव तिला कित्येक दिवसांत वाटला नव्हता. मग डोळे पुसता पुसता तिला रागही आला.

"जन्मभर मला टोमणे मारलेत."

"म्हणून तर लपून वाचत होतो."

"आणि खुनी सांगून टाकलात. शेवट तरी ठेवायचा माझ्यासाठी."

"नुसतं वाचलं म्हणालो असतो, तर तुझा विश्वास बसला असता?"

नसता बसला. तोमिए उठली आणि तिने दवाखान्याला फोन लावला. पलीकडच्या मुलीने मायेने विचारलं, "वेळ का रद्द करताय, आजी? असले आजार अंगावर काढू नयेत."

"आजार सापडला माझा," तोमिए म्हणाली. "समोर बसून भात खातोय."