अकरा किलोबाइटांची पडशी

मायरामबेकला 'नाही' म्हणायला फार आवडायचं. काराकोल गावातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये मी सोल्डरिंग करायची आणि तो समोरच्या टेबलावर बसून कोड लिहायचा. बारा वर्षं आम्ही एकाच किटलीतला चहा प्यायलो, पण "साखर घालू का?" म्हटलं की हा आधी "नाही" म्हणणार आणि मग स्वतःच दोन चमचे ओढून घेणार.

त्याचं हे 'नाही' दूरदूरच्या देशांत पोचलं होतं, ते त्यानं लिहिलेल्या लायब्ररीमुळे, म्हणजे इतर प्रोग्रॅमर आपल्या कामात जोडून घेतात अशा तयार कोडमुळे. तिचं नाव त्यानं ठेवलं होतं कुर्जुन. म्हणजे आमच्याकडे घोड्याच्या पाठीवर टाकतात ती दोन खणांची पडशी. लहानसहान यंत्रांच्या चिपमध्ये माहिती साठवायची आणि वीज गेली तरी ती सांडू द्यायची नाही, एवढंच तिचं काम. नवी नोंद एका खणात पूर्ण लिहून झाली, की मगच दुसऱ्या खणातली जुनी पुसायची. मधेच वीज गेली तरी एक खण शाबूत राहतो. सगळा कारभार अकरा किलोबाइटांत. त्यानं ती सगळ्यांना फुकट वापरायला दिली होती आणि कुठकुठले प्रोग्रॅमर पत्रं धाडायचे. हिच्यात शोधायची सोय घाला. कुलूप घाला. तारखेप्रमाणे लावून द्या. सगळ्यांना एकच उत्तर जायचं, 'नाही', पूर्णविरामासकट. एकानं लिहिलं, निदान कारण तरी सांगा. त्याला उत्तर गेलं, 'पडशीत कपाट मावत नाही.'

घरातही तोच नियम. चाळिशी उलटली होती, लग्न नव्हतं, खुर्ची एकच. "माझ्या लेकाकडे पाहुण्यानं उभ्यानं चहा प्यायचा असतो," त्याची आई बुरुल आपा सांगायची. आमच्याकडे आईला आणि आईच्या वयाच्या बाईलाही आपाच म्हणतात. आपा स्वतः दिवसभर आमच्या वर्कशॉपमध्ये असायची. विजेवरचं शिवणयंत्र कोपऱ्यात मांडून जमिनीवर अंथरायच्या गाद्यांच्या खोळी शिवायची. घरी भिंतींशी बोलावं लागतं, इथं निदान माणसं आहेत, असं तिचं म्हणणं.

मायरामबेकच्या टेबलामागे भिंतीवर एक कागद डकवलेला होता. 'दोन लाख वेळा वीज तोडली. हरवलेल्या नोंदी: शून्य.' ही वीज तोडायला त्यानं एक रिले लावला होता. तो आठवडाभर टक-टक करत होता आणि माझं डोकं उठलं होतं.

जूनमध्ये एका सकाळी दुधाचा टँकर येऊन थेट आमच्या दारात उभा राहिला. आतून असानाली उतरला. गावागावांतून दूध गोळा करून डेअरीला पोचवणारा हा गडी. त्याच्या टँकरवर आमचंच यंत्र होतं. दुधाचं तापमान दर मिनिटाला लिहायचं आणि झाकण कधी उघडलं, कधी लागलं, ते टिपायचं.

"पडशीवाले कोण?" त्यानं विचारलं.

मी बोट दाखवलं.

"काल माझं अख्खं दूध नासलं. डेअरीत सगळ्यांसमोर माझी शोभा झाली. मी म्हटलं, मला काय विचारता, यंत्राला विचारा. तर यंत्र म्हणतं, नऊ ते बारा मला काही आठवत नाही. असं तर माझा सासरासुद्धा म्हणत नाही, आणि तो नव्वदीचा आहे."

"नोंद हरवूच शकत नाही, बैके," मायरामबेक म्हणाला. आमच्याकडे थोरल्या माणसाला बैके म्हणतात.

"मग नऊ ते बारा मी होतो कुठं?"

"ते तुम्हाला ठाऊक असणार."

असानालीनं उगाच टोपी काढून पुन्हा घातली. "रस्त्यावरच होतो की. माझे तीन तास काढून द्या, बाकी मला काही नको."

मायरामबेकनं यंत्र काढून घेतलं आणि तीन दिवस त्याच्याशी झुंजला. रिले पुन्हा टक-टक करायला लागला. चौथी चिप, पाचवी चिप, सगळीकडे शून्य चूक. तो जेवेना आणि माझ्याशीही धड बोलेना.

चौथ्या दिवशी दुपारी आपाला शिवणयंत्राला प्लग हवा होता. तिनं विचारबिचार काही केला नाही. मायरामबेकच्या टेबलाखाली हात घातला आणि दिसला तो प्लग ओढला. सॉकेट जुनं, सैल; एका बाजूनं धरून ठेवणारं. ती प्लग डावी-उजवीकडे हलवत राहिली आणि टेबलावरच्या यंत्राचा दिवा मिचमिच करून विझला. मायरामबेकनं कपाळाला हात लावला, दुसरीकडे जोडून यंत्र पुन्हा सुरू केलं, आणि तसाच उभा राहिला. वीस मिनिटांच्या नोंदी गायब होत्या.

"आपा, काय केलंत तुम्ही?"

"काय केलं? प्लग काढला. निघेना, म्हणून हलवून काढला."

"परत काढा."

"चाळीस वर्षं सांगतेय, टेबलावरचा पसारा काढ. तो काढलास का?"

"आपा, तुम्ही काढा. अगदी तसाच."

आपानं तो एकोणीस वेळा काढला. तीनदा नोंदी हरवल्या. मायरामबेक खुर्चीत बसला. त्यानं मला समजावलं ते असं: रिले वीज तोडतो ती सुरीनं कापल्यासारखी. खऱ्या जगात वीज आचके देत जाते. त्या आचक्यांत लिहिलेलं अक्षर अर्धंमुर्धं उमटतं. पहिल्यांदा वाचलं तर बरोबर दिसतं, दुसऱ्यांदा चूक. कुर्जुन एकदाच वाचायची, विश्वास ठेवायची आणि जुना खण पुसून टाकायची. नंतर पाहावं तर नव्या खणातही काही धड नाही.

"म्हणजे अक्षर एकदा हो म्हणतं आणि एकदा नाही," मी म्हटलं.

"मग पुन्हा विचारायचं," आपा सुईत दोरा ओवत म्हणाली. "मुलगी मागायला गेल्यावर एकदाच विचारून उठतात का? अर्थात तुला काय माहीत, तू कधी गेलाच नाहीस."

मायरामबेकनं खुर्ची टेबलाशी ओढली. संध्याकाळपर्यंत चौदा ओळी लिहिल्या. शंका आली तर पुन्हा पुन्हा वाचायचं, खरं ते नव्यानं लिहून काढायचं, आणि मगच जुनं पुसायचं. असानालीच्या टँकरची बॅटरीची तार सैल होती, खड्ड्यागणिक वीज मिचमिचत होती, हेही कळलं. मग त्यानं त्या यंत्रातल्या बिघडलेल्या खणाला हजार वेळा वाचायला लावलं आणि प्रत्येक अक्षरासाठी बहुमत घेतलं. तीन तास परत आले.

असानाली हसत आला. आपानं बोर्सोक, म्हणजे कणकेचे तळलेले तुकडे, पुढं केले, तो उभ्यानंच खायला लागला. मायरामबेक कागद वाचू लागला.

"नऊ वाजता दूध चार अंशांवर. छान. नऊ-बावन्नला झाकण उघडलं. नऊ-चोपन्नला लागलं. नऊ-छप्पन्नला उघडलं." तो थांबला. "बारापर्यंत झाकण चौदा वेळा उघडलंय, बैके. दूध एकोणीस अंशांवर गेलंय."

असानालीच्या तोंडातला बोर्सोक तोंडातच राहिला. "झाकणाचंही लिहितं हे?"

"कुणाकडे समारंभ होता?" आपानं विचारलं.

"भाचीच्या पोराला पाळण्यात घालायचं होतं, आपा. दोनशे माणसं. चहाला दूध पुरेना. एकेक जण किटली घेऊन यायला लागला. नाही कसं म्हणायचं?"

"माझ्या लेकाकडे शिकवणी लावायची होती."

असानाली मायरामबेककडे वळला. "भाऊ, हे तीन तास पुन्हा हरवता येतील?"

मायरामबेकनं कागदाची घडी घातली. त्याला त्या माणसाची कीव आली होती, हे मला दिसत होतं. "हरवायचं काम करणाऱ्या लायब्ऱ्या पुष्कळ आहेत," तो म्हणाला. "मी तसली लिहीत नाही. पण हा कागद मी डेअरीत पाठवणार नाही. तुम्हीच न्या."

आणि असानालीनं तो खरंच नेला. डेअरी सांभाळणाऱ्या बाईंनी सगळा वाचला, समारंभाचं ऐकलं आणि पहिला प्रश्न केला, "मला का नाही बोलावलं?" मग महिनाभर त्याला टाक्या घासायला लावलं.

कुर्जुनची नवी आवृत्ती निघाली. खाली मायरामबेकनं लिहिलं, 'वीज आचके देत जाते तेव्हाची चूक सुधारली. चाचणी: बुरुल.' आठवड्यात चाळीस पत्रं. हे बुरुल नावाचं साधन कुठं मिळतं? कोणत्या चिपवर चालतं? त्यावर मायरामबेकनं आयुष्यातलं पहिलं लांब उत्तर लिहिलं. सॉकेट जुनं असावं. हात साठीच्या पुढचा असावा. ओढणाऱ्याचं लक्ष भलतीकडे असावं.

एका परदेशी इंजिनिअरनं ते मनावर घेतलं. झिजलेलं सॉकेट आणि एक मोटर जोडून त्यानं प्लग हलवत ओढणारं यंत्र बनवलं आणि त्याचा व्हिडिओ पाठवला. मायरामबेकनं तो आपाला दाखवला. तिनं चष्मा लावून दोनदा पाहिला.

"हात वळणाचा आहे," ती म्हणाली, "पण मेला घाई फार करतो."