गीताबाईची चुंबळ

शिरूर कासारच्या गीताबाईला पडून राहणं ठाऊकच नव्हतं. अंगात ताप असला तरी ती भाकरी थापायची. पण गेल्या हंगामात उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढताना तिचा पाय निसटला आणि बाई कमरेवर आदळली.

बीडच्या डॉक्टरांनी फोटो दाखवला. "कमरेत हाडांचं कडं असतं, वरच्या अंगाचा सगळा भार त्यावर. ते तडकलंय. ऑपरेशन नको, पण सांगेपर्यंत उठायचं नाही."

"म्हंजी चुंबळच की," गीताबाई म्हणाली. ओझ्याखाली डोक्यावर ठेवायची कापडाची गोल वळकटी, तिची जन्माची सोबतीण. "उसवली तर वळूस्तोवर वझं ठिवायचं न्हाई. कळलं."

कळलं खरं, पण निभावणं महाकठीण. जाऊ सत्यशीला अंथरुणातच सगळं उरकून द्यायची, तेव्हा गीताबाई लाजेनं भिंतीकडं तोंड करायची. नवरा सुग्रीव कमर चोळायला कुणा जाणत्याला घेऊन आला, तर तिनं दोघांनाही दारातूनच पिटाळलं. "वळत आलेली चुंबळ कशाला उसकटता?"

पुढं वॉकर आला, मग काठी. पोळ्याला काठीही सुटली. डॉक्टर म्हणाले, वाका, चाला, काम करा. डोक्यावर ओझं मात्र यंदा नाही.

दसऱ्याच्या तोंडावर मुकादम सुंदरराव आला. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस अर्धा.

"सुग्रीव, यंदा तुला अर्धाच धरतो रे."

हाड मोडलं तेव्हाही गीताबाईला एवढं लागलं नव्हतं. किंचित लंगडत ती अंगणात आली.

"अर्धा कुणाला म्हंता भाऊ? मी हाय की!"

"मोळी उचलशील?"

"न्हाई. पर ऊस तोडीन."

"मग मोळ्या काय उडत जातील ट्रकात?"

त्यांच्या टोळीत गडी तोडायचे, बाया वाहायच्या. चुंबळ हा बायकांचा दागिना, असं म्हणत सुग्रीवनं ती कधी हातातसुद्धा धरली नव्हती.

तोच सुग्रीव उठला. खुंटीवरची चुंबळ काढून त्यानं आपल्या डोक्यावर ठेवली. "मी वाहीन. पुरा कोयता धरा."

सुंदरराव खो खो हसला, पण हसता हसता "बरं" म्हणाला.

चुंबळ सुग्रीवच्या कानावर कलली होती. गीताबाई त्याच्याजवळ गेली, दोन्ही हातांनी ती नीट बसवली.

"आता पडायची न्हाई," ती म्हणाली.