बारा रुपयांच्या तेरा तऱ्हा

अकरावीत असताना क्लासच्या सरांनी एक प्रश्न घातला होता. एक, दोन आणि पाचची हवी तितकी नाणी असतील, तर दहा रुपये किती तऱ्हांनी होतात? असले प्रश्न मला चावतात, उत्तर मिळेपर्यंत जेवण गोड लागत नाही. लिंबायतच्या आमच्या खोलीत मी आईचा चिल्लरचा डबा फरशीवर पालथा केला.

आई शेजारीच साडीवर टिक्या चिकटवत होती, पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पर्वत पाटिया भागातल्या, साड्यांचं काम देणाऱ्या शेठने तिला विचारलं होतं: गल्लीतल्या बायकांना साड्या आणि टिक्या वाटायच्या, तयार माल मोजून घ्यायचा, पगार बांधलेला, करशील का? उत्तर उद्या सकाळी द्यायचं होतं, आणि आईचा नकार ठरलेला होता. "माले हिसाब नही समजत," ती म्हणाली. मी तिची समजूत घालायला हवी होती. पण तिला हिशोब जमणार नाही असंच मलाही वाटत होतं, हे आज लिहिताना लाज वाटते.

इकडे माझी नाणी पुरेनात. एक तऱ्हा मोडून दुसरी मांडावी, तर पहिली विसरायची. वहीत कधी नऊ तऱ्हा यायच्या, कधी बारा. तपासलं की त्यातल्या दोन जुन्याच, फक्त उलट लिहिलेल्या. घोडं कुठे पेंड खातंय तेच कळेना.

आई बराच वेळ बघत होती, शेवटी तिने कारण विचारलंच. "अशी वाकडीतिकडी काब्र मांडस? पहिले मोठी टिकी, मंग मधली, मंग बारीक."

साडीवरचं फूल ती असंच भरते. आधी मोठ्या टिक्या मावतील तितक्या, उरलेल्या जागेत मधल्या, शेवटी बारीक. तिने टिक्यांच्या तीन पुड्या सोडल्या. मोठी पाचची, मधली दोनची, बारीक एकची. साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर ती ओळी मांडत गेली. दोन मोठ्या घेतल्या, एकच ओळ झाली. एकच मोठी घेतली, तीन झाल्या. मोठी एकही नाही, तर सहा. दहा रुपये, दहा तऱ्हा, आणि एकही ओळ मोडावी लागली नाही.

मी तशाच रीतीने अकरा रुपये करून पाहिले. अकरा तऱ्हा! मी उडालेच. "आई, नियम सापडला! जितके रुपये, तितक्या तऱ्हा!" वहीत चौकट आखून लिहूनही टाकलं.

"आते बारा कर," आई म्हणाली.

"कशाला? बाराच येणार."

तिनेच मांडलं. दोन मोठ्यांच्या दोन ओळी, एकीच्या चार, मोठीशिवाय सात. तेरा. एखादी ओळ दुबार असेल म्हणून मी दोनदा मोजलं. नव्हती. शाळेची पायरी न चढलेल्या आईने माझा नियम दोन मिनिटांत मोडला होता. मला इतका आनंद झाला की रडूच आलं.

"आई, यालाच हिशोब म्हणतात."

"याले हिसाब म्हंतस?" ती पुठ्ठ्याकडे बघत राहिली. मग एकेक टिकी उचलून तिने तीन पुड्या पुन्हा बांधल्या.

सकाळी ती इस्त्रीची साडी नेसून दाराशी उभी होती. मी विचारलं, "सोबत येऊ का, मोजायला?"

चपला घालता घालता ती म्हणाली, "काब्र? तू ते बारामाच चुकनी."