टाकीतला आवाज

डोंगरमाथ्यावरच्या मोबाइल मनोऱ्यांची देखभाल करणाऱ्या बाईला तिचे भावोजी खारूताई म्हणत. मग सगळेच म्हणू लागले. कमरेला पट्टा बांधून ती लोखंडी सांगाड्यावर अशी सरसर चढायची की खालून बघणाऱ्यांनीच डोळे मिटून घ्यावेत. लग्न केलं नव्हतं. थोरल्या बहिणीच्या घरात वरच्या खोलीत राहायची आणि खाली भावोजींच्या गॅरेजमधून येणाऱ्या ठोकाठोकीवर उठायची. भीती हा प्रकार आपल्या वाट्याला आलाच नाही, असं ती गमतीनं म्हणायची.

मनोऱ्याच्या कंपनीनं तिला एक जुनी डिझेलची फोर-व्हील-ड्राइव्ह दिली. ती दारात उभी करताच बहीण उंबऱ्यातच थबकली.

"ही तीच ना गं? तो माणूस ज्यातून उतरून गेला ती?"

तीच होती. दहाएक वर्षांपूर्वी बोअरचे पंप दुरुस्त करणारा एक माणूस ती चालवायचा. एका संध्याकाळी तो घरी आला नाही. गाडी पठारावर सापडली, चालकाचं दार उघडं, किल्ली जागेवर. पोलिसांनी किल्ली फिरवली तर गाडी एका दमात सुरू झाली. टाकी अर्धी भरलेली. धडधाकट गाडी सोडून कोण कशाला उतरेल? कुणीतरी न्यायला आलं असणार, दुसरीकडे संसार थाटला असणार, असं लोकांनी ठरवून टाकलं. त्याची बायको गल्लीच्या टोकाला राहायची. सगळे तिला काकू म्हणत, आणि तिची पाठ वळली की 'टाकलेली'.

गावात गाडी झक्क चालली. पठाराच्या चढावर मात्र, शेवटच्या वळणानंतर, तिनं आचके दिले, इंजिनाचा श्वास कोंडल्यासारखा झाला आणि सगळं थांबलं. भरदुपारी धुकं इतकं दाट की बॉनेटचं टोकही दिसेना. खारूताई काच खाली करून बसली. तेवढ्यात चालकाच्या बाजूनं खडीवर पावलं वाजली. गाडीकडे येणारी नव्हे. गाडीपासून लांब जाणारी. डावीकडे, शांतपणे, आणि मग एकदम बंद.

"कोण आहे?" तिनं विचारलं. थोड्या वेळानं किल्ली फिरवली तर गाडी काही झालंच नाही अशी सुरू.

घरी तिनं बंद पडल्याचं सांगितलं, पावलांचं गिळून टाकलं. भावोजींनी डिझेलचा फिल्टर बदलला. पुढच्या खेपेला गाडी पुन्हा तिथंच थांबली, आणि पुन्हा पावलं लांब गेली. भावोजींनी पंप उघडून पाहिला, पाइपांचे जोड आवळले, आत अडकलेली हवा काढली. मग पारदर्शक नळी जोडून बुडबुडे येतात का ते बघितलं. बुडबुडा औषधालासुद्धा नव्हता.

"गाडीला काही झालेलं नाही, खारूताई. तिला तुझा कंटाळा आलाय," ते म्हणाले. पण रात्री जेवताना त्यांचं लक्ष ताटात नव्हतं.

तिसऱ्या खेपेला ती खाली उतरली. का उतरली हे तिला नंतरही सांगता आलं नाही. डावीकडे जावं, तिकडे माणसं असतील, मदत मिळेल, असं मनात इतकं सहज आलं की ते आपलंच आहे असं वाटलं. पावलं पुढं, ती मागं. धुक्यात गाडी दिसेनाशी झाली. पायाखालची खडी संपून ओली माती लागली. तेवढ्यात मागून, गाडीच्या पोटातून, आवाज आला. ढुप्प. ओलं फडकं बादलीत पडावं तसा.

ती जागच्या जागी थांबली. पुढं टाकायला उचललेला पाय तिनं मागं घेतला. पुढच्या धुक्यातून गारवा येत होता, पाण्याचा. ती वळली आणि जवळजवळ पळतच गाडीत शिरली. किल्ली फिरवली. गाडी सुरू.

या वेळी तिनं भावोजींना आवाजाबद्दल सांगितलं. त्यांचा हातातला पाना थांबला.

"बंद पडल्यावर किती वेळानं?"

"चहा पिऊन व्हावा एवढ्या वेळानं. आणि त्यानंतरच सुरू होते."

त्यांनी शेजारच्या सीटवर डिझेलचा कॅन बांधला, त्यातून नळी सरळ पंपाला दिली आणि स्वतः तिच्यासोबत पठारावर गेले. गाडी न अडखळता वर चढली. म्हणजे दोष टाकीत. परत येऊन त्यांनी टाकी उतरवली, रिकामी केली आणि वाकडी तार घालून आत चाचपडले. तारेला काहीतरी लागलं. ओढलं तर आधी पाच बोटं बाहेर आली.

खारूताई एक पाऊल मागं सरली. तो हातमोजा होता. हिरवा, जाड, बोटं फुगलेली, तळव्यावर गोल वळ.

"हा टाकीत फिरत राहायचा," भावोजी हळू आवाजात म्हणाले. "चढावर इंजिन जोरात ओढायला लागलं की डिझेल घेणाऱ्या नळीच्या तोंडावर जाऊन बसायचा. गाडी उपाशी. इंजिन थांबलं, ओढ संपली, की सुटून पडायचा. ढुप्प." त्यांनी मोजा ताणून पाहिला. "साधं रबर असतं तर केव्हाच लगदा झाला असता. हा कारखान्यातला आहे, तेला-रसायनात टिकणारा."

मग खारूताई म्हणाली, "म्हणजे तो माणूस गाडीतच जरा थांबला असता तर..."

"हो," भावोजी म्हणाले.

काकूंना सांगायचं कुणी यावर बहिणीनं अंग काढून घेतलं, तेव्हा खारूताईच गेली. काकू भाजी निवडत होत्या. गाडी का बंद पडायची आणि टाकीत तो आवाज झाला की पुन्हा का सुरू व्हायची, हे तिनं शक्य तितकं सोपं करून सांगितलं. टाकीत एक हातमोजा होता, एवढंच म्हणाली.

काकूंचे हात थांबले. "हिरवा?"

खारूताईनं मान हलवली.

"टाकीचं झाकण हरवलं होतं," काकू म्हणाल्या. "दुसरं मिळेपर्यंत टाकीच्या तोंडात कोंबायला काहीतरी दे, असं हे म्हणाले. तेव्हा मी रंगाच्या कारखान्यात होते. पिशवीतला एक मोजा काढून दिला. परत आले तेव्हा म्हणाले, तो कुठंतरी उडून गेला." त्यांनी निवडलेली आणि न निवडलेली भाजी एकत्र केली. "मी रागावलेसुद्धा. जोडीतला होता म्हणून."

दुसऱ्या दिवशी खारूताई फौजदारांकडे गेली. पठारावर डावीकडे शोधा, म्हणाली. का, असं त्यांनी विचारलं तेव्हा तिनं खरं ते सांगितलं: तिथं गाडी थांबली की मला डावीकडे जावंसं वाटतं. फौजदार हसले नाहीत. त्या बाजूला दगडाची बंद खाण होती, काठोकाठ पाण्यानं भरलेली. तेव्हा कुणी तिकडे शोधलंच नव्हतं, कारण पळून गेलेल्याला रस्त्यानंच शोधतात. पाणबुड्यांना तळाशी हाडं मिळाली, पट्ट्याचं बक्कल मिळालं आणि मुठीत धरायची एक बॅटरी.

गावानं काकूंना टाकलेली म्हणणं सोडलं. काहीजणी भेटायला आल्या. काकूंनी सगळ्यांना चहा दिला आणि मोज्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

महिनाभरानं त्या गॅरेजमध्ये आल्या. "मला ती गाडी चालवायला शिकव," खारूताईला म्हणाल्या. या वयात कशाला, असं विचारायची भावोजींची छाती झाली नाही.

सपाट मोकळ्या मैदानात, लख्ख उन्हात, काकू स्टिअरिंग घट्ट धरून बसल्या. गाडी दोन हात पुढं गेली आणि गचका देऊन बंद पडली. खारूताई हसून दार उघडणार तोच काकूंनी तिचं मनगट पकडलं. बोटं बर्फासारखी गार होती.

"उतरू नकोस."

"काकू, काही झालेलं नाही. क्लच जरा लवकर सुटला, बस्स. किल्ली फिरवा, होईल सुरू."

"होईल," काकू समोर बघत म्हणाल्या. "थोडं थांब."

खारूताईनं दार ओढून घेतलं. दोघी तशाच बसून राहिल्या, काचा बंद, इंजिन हळूहळू निवत. काकू मान किंचित मागं, टाकीच्या बाजूला कलती करून काहीतरी ऐकत होत्या.